शिबिराचं पत्र

"पत्र काय, आत्ता देतो. शिक्का ग्रामपंचायतीत आहे, सरपंच आपल्या भावकीतलाच आहे. पण तुमची पन्नास पोरं इथं येऊन करणार काय, ते आधी सांग की."

गौरीचं जेवण उरकून सगळे सोप्यात टेकले होते. माझा थोरला भाऊ जिल्ह्यात गावोगावी ग्रामसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला. माझी लेक कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी प्रतिनिधी. यंदाचं सात दिवसांचं निवासी शिबिर पन्हाळा तालुक्यातल्या आपल्या आजोळी व्हावं असं तिच्या मनात, आणि कॉलेजला त्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र हवं. मामा आहे म्हटल्यावर पत्र मिळणारच, या भरवशावर ती आली होती.

"कामांची यादी केलीय आम्ही मामा. वनराई बंधारा, गावाची स्वच्छता, शाळेच्या भिंतींवर घोषवाक्यं, आरोग्य तपासणी, सर्वेक्षण. संध्याकाळी प्रबोधनाचे कार्यक्रम."

"बंधारा कधी घालणार?"

"जानेवारीत. सेमिस्टरची परीक्षा झाली की."

"अगं, पाऊस सरला, ओढ्याची धार बारीक झाली की पोत्यांत माती भरून आडवी लावायची, तेव्हा पाणी तटतं. दसऱ्याच्या मागंपुढं. फार तर दिवाळी. जानेवारीत आपल्या ओढ्याला नुसते गोटे असतात. पाणी कधीच पंचगंगेतनं कृष्णेला गेलेलं असतं. तुमची पोती अडवणार काय, वारा?"

लेक गप्प झाली नाही, पण वहीत काहीतरी खोडलं. दादाचं खरं होतं. वनराई बंधाऱ्यात अवघड असं काही नसतं. रिकामी सिमेंटची पोती, माती, आणि साखळी करून उभी राहिलेली माणसं. त्यातली एकच गोष्ट वेळेवर व्हावी लागते, आणि ती वेळ ओढा ठरवतो. विद्यापीठाचं वेळापत्रक ओढ्याला विचारून होत नाही. दादानं नोकरीत असे कोरड्या पात्रातले बंधारे पाहिलेत. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो, पुढच्या पावसात पोती वाहून खालच्याच्या शेतात जातात.

"मग ते सोडून देऊ," ती म्हणाली. "पण तुम्ही असं बोलता जणू बाहेरच्या पोरांचा कधी कुणाला उपयोगच झाला नाही. २०१९ला आमच्या घरी काय झालं ते आईला विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, कोल्हापूर तुटलेलं. आम्ही नातेवाइकांकडे होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घरात घोटाभर गाळ, भिजून फुगलेलं धान्य आणि अजून नाकातून न गेलेला वास. लेक तेव्हा आठवीत होती. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कॉलेजची दहा-बारा मुलं-मुली फावडी-घमेली घेऊन गल्लीत शिरली. कुठल्या कॉलेजची, ते आजही माहीत नाही. दारात आली आणि एवढंच विचारलं, आधी कुठली खोली? दुपारपर्यंत घर रिकामं केलं आणि शेजारी गेली.

"म्हणून मी यात आले," लेक म्हणाली. "गुणांसाठी नाही."

"ते मला कळतं गं. पण पुरात काम डोळ्यांपुढं असतं. गाळ आहे, तो काढायचा. पोरांना काय यावं लागत नाही, अंगात रग असली की झालं. इथं जानेवारीत गाळ नसतो. गावाचं दुखणं वरनं दिसत नाही, ते माहीत असणाऱ्याला विचारावं लागतं. तुम्ही विचारत नाही. यादी घेऊन येता." मग जरा थांबून म्हणाला, "आणि पुरातसुद्धा तेव्हा न विचारता काय आलं आठवतंय ना? कपड्यांचे ट्रक."

आठवतंय. चौकात जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. पाठवणाऱ्यांचं मन मोकळं झालं, आणि ते ढीग हलवायला पुन्हा स्वयंसेवकच लागले.

लेकीनं आता असा पत्ता टाकला की दादाच काय, मीही चकित झाले. ती आपल्याच विरुद्ध बोलायला लागली.

"आम्हाला सरांनी एक भाषण वाचायला दिलं होतं. १९६८ सालचं, मेक्सिकोतलं. इव्हान इलिच म्हणून एक विचारवंत होते. अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला जायचे. त्यांच्याच परिषदेत उभं राहून त्यांनी सांगितलं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका."

"शहाणा माणूस."

"पण मामा, त्या पोरांना तिथली भाषासुद्धा धड येत नव्हती. आम्ही परके नाही. भाषा तीच, ताटातली भाकरी तीच."

"भाषा तीच? तुमच्या सर्वेक्षणाच्या कागदावर दुसराच प्रश्न असतो, कुटुंबप्रमुखाचं मासिक उत्पन्न. उसाचं बिल महिन्याला येतं का? ते येतं तेव्हा येतं, आणि त्यातलं सोसायटीनं कापून उरलं ते आपलं. दुधाचं बिल दहा दिवसांनी. मजुरी लागली तर लागली. बाई बिचारी दारात उभी राहून काहीतरी आकडा सांगते, पोरगी लिहून घेते. एका गावात मी नोकरीला असताना तीन कॉलेजांनी वेगवेगळ्या वर्षी तोच कागद भरून नेला. शौचालय आहे का, गॅस आहे का, शिक्षण किती. एकाही कॉलेजनं परत येऊन सांगितलं नाही की बाबांनो, तुमच्या गावाचं असं-असं निघालं."

कुठं जातात ते कागद, हे मला माहीत आहे. माझ्या एका मैत्रिणीनं कॉलेजात नोकरी केली. कागद बाइंडिंग होऊन कपाटात बसतात आणि नॅकची समिती आली की टेबलावर येतात. सामाजिक विस्तारकार्य म्हणून त्यांची नोंद होते. गावानं दिलेली माहिती गाव सोडून सगळ्यांच्या उपयोगी पडते.

"मामा, पण सात दिवसांत दुसरं काय होणार?" लेक म्हणाली. "मुळात सात दिवस हा हिशेबच नव्हता. सी. डी. देशमुखांची समिती होती १९५९ साली. त्यांनी म्हटलं होतं, शाळा संपवून कॉलेजात जाण्याआधी प्रत्येकानं नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करायची. सक्तीनं. तेवढा पैसा कुठून आणायचा म्हणून ते बारगळलं. मग शिक्षणतज्ज्ञ सय्यदैन यांनी दुसऱ्या देशांत काय चालतं ते बघून सांगितलं की सक्ती नको, ऐच्छिक ठेवा. गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९च्या २४ सप्टेंबरला योजना सुरू झाली, तेव्हा सदतीस विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी होते. आज वर्षाला १२० तास आणि एक शिबिर. वर्षभराचं आटत आटत एवढं राहिलं."

"आणि नऊ महिने असते तर?"

"तर तुमचा ओढा दसऱ्यात पण बघितला असता."

"नको गं बाई!" माझी वहिनी आतून ओरडली. "नऊ महिने पन्नास पोरं? सात दिवसांत शाळेची खोली, गावची भांडी आणि माझी चूल अडकून पडते. भाकऱ्या कोण थापतं, विचार तुझ्या मामाला."

यावर दादाकडे उत्तर नव्हतं. यजमान गावाचा खर्च कुठल्याच अहवालात येत नाही. तो बायकांच्या हातांनी होतो.

आतापर्यंत मी दादाच्या बाजूची होते, हे कबूल करते. लेकीचा अभ्यास, परीक्षा, शनिवार-रविवार घरात न टिकणं, हेही त्यामागे असणार. पण नंतर तिनं जे सांगितलं ते मी तिच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

मागच्या हंगामात ती आणि तिची मैत्रीण कॉलेजपासून थोड्या अंतरावर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जात होत्या. दिवाळीनंतर बीडकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला बांबू-प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत मुक्काम. बायका पहाटे अंधारात फडात जातात. धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण कोपीत राहते. या दोघींनी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. गाणी, बाराखडी, चित्रं. पोरांना मजा वाटली, यांनाही.

"मग थांबलो," ती म्हणाली. "म्हणजे वर्ग थांबवला. एका आईनं विचारलं, तुमच्या या वर्गाचा गावाकडं गेल्यावर दाखला मिळणार का? नाही म्हटलं. मग कळलं की गावाकडच्या शाळेनं निघताना हमीपत्रक द्यायचं असतं, ते घेऊन मूल इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसू शकतं. कुणाकडं पत्रक होतं, कुणाकडं नव्हतं. काहींच्या पालकांनी ते ट्रंकेत तळाशी ठेवलं होतं, कशाचं आहे ते माहीत नसताना. आम्ही गावाकडच्या मास्तरांना फोन लावले, इथल्या मुख्याध्यापिका बाईंकडे चकरा मारल्या. मुलं शाळेत बसली. सगळी नाही. धाकट्याला सांभाळणाऱ्या पोरी नाही येऊ शकल्या."

"हे काम तुमचं नव्हे, शिक्षण खात्याचं," दादा लगेच म्हणाला. "तुम्ही फुकट केलं की खातं म्हणणार, चाललंय की. तीस वर्षं बघितलंय मी. स्वयंसेवक आला की सरकारी माणूस सावलीत बसतो. मी पण बसलोय."

"वर्ग चालवत होतो तेव्हा तुमचं बरोबर होतं मामा. तेव्हा आम्ही शाळेची जागा घेत होतो, आणि तीही अर्धवट. हमीपत्रकाचं केलं तेव्हा खात्याला त्याचं स्वतःचं काम करायला लावलं."

दादानं मान हलवली. होकाराची होती की नाही, सांगता येत नाही. मला मात्र इथं फरक दिसला. पहिल्या कामात गाणी होती, फोटो होते. दुसऱ्यात फोन, चकरा आणि वाट बघणं होतं. उपयोगाचं होतं ते दुसरं, आणि ते कॉलेजच्या रस्त्यावरून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, दर आठवड्याला करण्याजोगं. मला विचाराल तर विद्यार्थ्यांनी गावं दत्तक घेण्याआधी कॉलेजच्या मागच्या गल्लीत कोण राहतं ते बघावं.

"यात तुझे तास किती लागले?" मी विचारलं.

"एकही नाही. ते नोंदवहीत बसत नव्हतं. उपक्रमाला बॅनर नव्हता." ती हसली. "आता नव्या अभ्यासक्रमात सेवा योजनेला दोन क्रेडिट मिळतात. त्यामुळं आमच्या वर्गातली निम्मी मुलं आत आलीत. काही जण हजेरीची सही झाली की मागच्या दारानं जातात."

"बघ! क्रेडिट म्हटलं की सेवा संपली," दादा म्हणाला.

"मला तसं वाटत नाही. जी मुलगी सुटीत दुकानात काम करते, तिला नुसत्या हौसेनं सेवा परवडत नाही. क्रेडिट मिळालं तर ती घरी सांगू शकते की हा अभ्यासच आहे. हौशी सेवा ही खाऊनपिऊन सुखी घरातल्यांची चैन होऊन बसते. आमच्यासारख्यांची."

हे मला पटलं. दादाला पटलं नसावं, कारण त्यानं विषय बदलला आणि तिथंच तो अडकला.

"खरं सांगू? शिबिरातनं गावाला काय मिळत नाही, पोरांना मिळतं. शहरातली पोर पहिल्यांदा रांगेत ताट घेऊन बसते, दुसऱ्या जातीच्या पोरीच्या शेजारी अंथरूण टाकते, विहिरीचं पाणी शेंदते. चांगलंच आहे ते. पण मग गाव म्हणजे तुमची शाळा झाली. आमचं भलं करायला आलो असं म्हणू नका."

"तुम्ही सोमनाथला गेला होता ना तरुणपणी? बाबा आमट्यांच्या छावणीला?"

दादा गेला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, चंद्रपूरच्या मे महिन्यात. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं सोमनाथला शेती करत होती, अजूनही करतात. महाराष्ट्रभरची मुलं तिथल्या श्रमसंस्कार छावणीला जात, पहाटे उठून कुदळ मारत. तो परत आला तेव्हा त्याच्या तळव्यांचे फोड आईनं हळद लावून बांधले होते, आणि तो कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हता.

"तिथं कुणाचं भलं करायला गेला होता?"

दादानं पान तोंडात टाकलं.

"कुणाचंच नाही. काम त्यांचं होतं, वर्षभर चालू होतं. आम्ही गेलो नसतो तरी धान पिकलंच असतं. ज्यांच्या हाताला बोटं नव्हती ते आम्हाला सांगत होते खणायचं कसं. आम्ही शिकायला गेलो होतो."

"मग आम्ही पण शिकायलाच येतो. लपवायचं कशाला? तुमचं गाव ही आमची शाळा, मान्य. मग फी सांगा. आमच्या पन्नास जणांची सात दिवसांची फी काय घेणार? भिंती रंगवून देतो म्हटलं की ग्रामपंचायत हो म्हणते. तुम्ही इतकी वर्षं ग्रामसेवक होता. एका तरी कॉलेजला सांगितलं का की भिंती नकोत, अमुक करा?"

सोप्यात कुणी काही बोललं नाही. दादानं उठून पानाची पिंक टाकली आणि परत येऊन बसला. नोकरीतला माणूस एकदम जागा झाल्यासारखा बोलायला लागला.

"लिही. एक. रब्बीची ई-पीक पाहणी डिसेंबर-जानेवारीत असते. शेतकऱ्यानं शेतात उभं राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमत नाही. मग शाळू-हरभरा शेतात असतो आणि सातबाऱ्यावर नसतो. नुकसानभरपाईच्या वेळी रडारड. तुमची पोरं जोडीजोडीनं बांधावर जातील. पण फोन मालकाचा, ओटीपी मालकाच्या हातात, पोरांनी नुसतं बाजूला उभं राहून दाखवायचं. कुणाचा आधार नंबर वहीत लिहून घेतला तर शिबिर त्याच दिवशी बंद."

"बरोबर. पुढं?"

"सर्वेक्षण करायचंच तर प्रश्न गावातल्या बायका आणि अंगणवाडी ताई ठरवतील. मासिक उत्पन्न नको. धनगरवाड्यावर मे महिन्यात पाणी किती लांबनं आणतात, कोण आणतं, किती खेपा, ते विचारा. आणि निकाल कपाटात नाही न्यायचा. शिबिर असं धरा की शेवटचा दिवस २६ जानेवारी येईल. त्या दिवशी ग्रामसभा असते. तिथं उभं राहून वाचून दाखवायचं. पुढच्या वर्षीचा विकास आराखडा त्याच सुमाराला होतो, त्यात धनगरवाड्याची टाकी बसवायला मला कागद हवाय. मी म्हातारा बोललो तर म्हणतात, मामांचं रोजचंच आहे."

"आणि भाकऱ्या?" वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

"भाकऱ्या आम्ही थापू मामी. मुलंसुद्धा."

"थापशील. खायला कोण आहे ते बघू."

लेकीची वही भरत चालली होती. मला मध्येच वाटलं, कॉलेजला हे चालेल का? भिंतीवरचं घोषवाक्य फोटोत येतं. बांधावर म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहिलेली मुलगी फोटोत फारशी काही करताना दिसत नाही. तिच्या सरांना समजावणं मामापेक्षा अवघड जाईल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, सरांचं मी बघते, ते इलिच वाचायला देणारे आहेत.

"मग पत्र देता ना मामा?"

"मी कोण देणारा? सरपंच भावकीतला आहे म्हणून शिक्का मारून घेतला तर तुझ्या कॉलेजात नि आमच्यात फरक काय? दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. तिथं ये, आत्ता बोललीस ते बोल. लोक हो म्हणाले तर पत्र."

"दोन ऑक्टोबरला कॉलेजात गांधी जयंतीचा कार्यक्रम असतो. स्वच्छता फेरी. प्रतिनिधीला हजर राहावंच लागतं, तास लागतात."

"मग ठरव तू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिनं वहीचं पान उलटलं.

"ग्रामसभा किती वाजता असते?"

"नोटीस दहाची असते. शंभर माणसं नाहीतर पंधरा टक्के मतदार, तेवढे जमले की कोरम. अकरा-साडेअकरा होतात, कधी होतच नाही, सभा तहकूब होते. तू दहालाच ये. आणि पोरींना घेऊन घरोघर फिर, म्हणजे कोरम होईल."